मायनस गेला, चूक राहिली: अक्कलकोट रोडवरच्या एका सब-मीटरचं प्रकरण

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक टॉवेल कारखाना. आवार एक, वीज कंपनीचं मुख्य मीटर एक आणि शेड तीन. दोन शेड मालक स्वतः चालवतात, तिसरी शेड जॉबवर जेकार्ड टॉवेल विणणाऱ्या एका कारखानदाराला, अण्णांना, भाड्यानं दिलेली. प्रत्येक शेडला कारखान्याचं स्वतःचं सब-मीटर आहे आणि महिन्याचं बिल आलं की त्या युनिटप्रमाणे वाटणी होते. डिसेंबरपर्यंत तिन्ही सब-मीटरची बेरीज मुख्य मीटरशी टक्का-दोन टक्क्यांच्या फरकानं जुळायची. जानेवारीत गड्डा यात्रेच्या सुट्टीत तिसऱ्या शेडचं पॅनेल भिंतीच्या पलीकडे हलवलं आणि फेब्रुवारीच्या बिलापासून सुमारे ६,००० युनिट कुणाच्याच खात्यावर बसेनात.

तिसऱ्या शेडचं सब-मीटर आधी महिन्याला १८,००० च्या आसपास जायचं, आता ते १२,००० वर आलं होतं. माग तेवढेच, पाळ्या तेवढ्याच, मालही तेवढाच बाहेर पडत होता. युनिटला ८ रुपये धरले तरी महिन्याला ४८,००० रुपयांचा खड्डा. मालकांच्या मनात पहिला संशय आला तो हाच, की अण्णांनी मीटरच्या अलीकडून एखादी लाईन घेतली असेल. तो संशय अण्णांच्या कानावर गेला. इतक्या वर्षांचा व्यवहार, सणावाराला एकमेकांच्या घरी जाणं-येणं, आणि आता दोघं एकमेकांशी फोरमनमार्फत बोलायला लागले होते. वायरिंगची चूक म्हटलं की आपण युनिट आणि रुपयांचा विचार करतो. इथं एका सरळ माणसावर चोरीचा आळ आला होता, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

मे महिन्यात मला बोलावलं, तोवर बरंच काही करून झालं होतं. मीटरकडे जाणारे तिन्ही व्होल्टेज फ्यूज तपासले होते, ते चांगले होते. मीटर खराब समजून नवं बसवलं, तेही तेवढंच दाखवू लागलं. तीन फेजपैकी (आर, वाय, बी म्हणजे लाल, पिवळा, निळा) वाय फेजची सीटीसुद्धा, म्हणजे केबलचा मोठा करंट मीटरसाठी ठरावीक प्रमाणात लहान करणारा करंट ट्रान्सफॉर्मर, बदलली होती. त्याचं कारण महत्त्वाचं आहे. मार्चपासून कधी कधी दुपारी मीटरवर वाय फेजचे किलोवॅट मायनस दिसायचे आणि तासा-दोन तासांनी आपोआप सरळ व्हायचे. नवी सीटी बसवल्यावरही तेच होत राहिलं. शेवटी पॅनेलमधली मीटरची सगळी वायर आराखड्याशी ताडून पाहिली. प्रत्येक फेरूल (वायरच्या टोकावरची क्रमांकाची खूण) जागेवर होतं. एवढं करून काही सापडत नाही म्हटल्यावर मालकांचा संशय पक्का झाला होता.

मी आधी कागद मागितले, कारण गळती, चोरी आणि मीटरची चूक यांची आकड्यांतली चाल वेगवेगळी असते. जमिनीत गळती असेल तर ती माग बंद असतानाही चालू राहते. बाहेरून लाईन घेतली असेल तर तिचा वापर ज्याच्या त्याच्या सोयीनं कमी-जास्त होतो. इथं ज्या महिन्यात शेड कमी चालली त्या महिन्यात तफावतही त्याच प्रमाणात कमी होती. प्रत्येक महिन्यात ती सब-मीटरच्या आकड्याच्या निम्मी भरत होती, म्हणजे मीटर खऱ्या वापराच्या दोन तृतीयांश मोजत होतं. चोरी इतकी प्रमाणबद्ध नसते. मालकांना मी तिथंच सांगितलं, "मालक, अण्णांचा विषय आता बाजूला ठेवा. हे मीटरच्या जोडणीतलं आहे."

दोन तृतीयांश म्हटलं की कुणाच्याही डोक्यात पहिलं येतं ते म्हणजे एक फेज मोजला जात नाही. एखादा व्होल्टेज फ्यूज उडाला किंवा एखादी सीटी टेस्ट ब्लॉकवर (सीटीच्या वायर मीटरला जाताना चाचणीसाठी जिथं जोडतात त्या पट्टीवर) शॉर्ट राहिली, तर समतोल भारावर नेमकं तेवढंच दिसतं. पण या मीटरवर तिन्ही व्होल्टेज २३८ च्या आसपास होते, तिन्ही करंट ९६ अँपिअरच्या आसपास होते आणि क्लॅम्प मीटर लावून पाहिलं तर केबलवरही तेवढेच. सीटी २००/५ च्या, मीटरमध्ये भरलेलं गुणोत्तरही २००/५. व्होल्टेजचा फेज क्रम बरोबर. एकूण पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट आणि अँपिअरच्या गुणाकारातला खऱ्या किलोवॅटचा वाटा, ०.९८, आणि तो सुधारणारा शेडचा कपॅसिटर पॅनेल चालू असताना तो तसाच असायला हवा. वर वर पाहिलं तर मीटर निर्दोष होतं.

मग साधा गुणाकार केला. २३८ गुणिले ९६ म्हणजे एका फेजला सुमारे २२.८ केव्हीए. तीन फेजचे ६८.५ आणि ०.९८ नं गुणल्यावर ६७ किलोवॅट. मीटरवर एकूण दिसत होते ४४.८. व्होल्टेज, करंट आणि पॉवर फॅक्टर खरे असतील तर किलोवॅट खोटे ठरतात. हा गुणाकार करायला मिनिट लागत नाही आणि कुठलंही महागडं उपकरण लागत नाही. तरीही नवं मीटर बसवल्यावर तो कुणी करत नाही, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

खरी गोष्ट बाहेर आली ती मीटरच्या फेजवार पानांवर. आर फेज १५.१ किलोवॅट, पॉवर फॅक्टर ०.६६ लीडिंग (करंट व्होल्टेजच्या पुढे). वाय फेज ७.३ किलोवॅट, ०.३२ लॅगिंग (करंट व्होल्टेजच्या मागे). बी फेज २२.४ किलोवॅट, ०.९८ लॅगिंग. शेडमधला जवळपास सगळा भार तीन फेजच्या मोटरींचा, तिन्ही फेजचा करंट सारखा. अशा भारात एक फेज लीडिंग आणि शेजारचा खोल लॅगिंग असणं शक्यच नाही. आणखी एक पान उघडलं, न्यूट्रल करंटचं. हे मीटर न्यूट्रलवर वेगळी सीटी न लावता तिन्ही करंटची दिशेसह बेरीज करून तो आकडा काढतं. तिथं १९० अँपिअरच्या वर आकडा होता. प्रत्यक्ष न्यूट्रल केबलवर क्लॅम्प लावला तर चार-पाच अँपिअर. समतोल भारात तिन्ही करंट एकमेकांपासून १२० अंशांवर असतात आणि त्यांची बेरीज शून्याजवळ येते. ती फेज करंटच्या दुप्पट येते याचा अर्थ मीटरला पोचणारे करंट एका बाजूला गोळा झालेत, एकमेकांपासून फक्त ६० अंशांवर. एक किंवा दोन सीटी उलट्या जोडल्या असतील तरच असं चित्र तयार होतं.

पण नुसत्या सीटी उलट्या असत्या तर ते फेज सरळ मायनस दिसले असते आणि पॉवर फॅक्टर तिन्हींचा ०.९८ च राहिला असता. इथं मायनस नव्हता आणि पॉवर फॅक्टर विस्कटलेला होता. म्हणजे उलटेपणाच्या जोडीला अदलाबदलही होती: आर व्होल्टेजसमोर वाय करंट, वाय व्होल्टेजसमोर आर करंट, आणि दोन्ही उलटे. पॉवर फॅक्टर म्हणजे करंट आणि व्होल्टेज यांच्यातल्या कोनाचा कोसाईन; ०.९८ चा कोन साडेअकरा अंश. उलटा केलेला वाय करंट आर व्होल्टेजच्या साडेअठ्ठेचाळीस अंश पुढे पडतो, त्याचा कोसाईन ०.६६. उलटा आर करंट वाय व्होल्टेजच्या साडेएकाहत्तर अंश मागे, त्याचा कोसाईन ०.३२. मीटरवरचे आकडे तंतोतंत जुळले.

दुपारच्या मायनसचं कोडंही इथंच सुटलं. उन्हाळ्यात शेड तापली की कपॅसिटर पॅनेल बंद पडायचा. मग मोटरींचा पॉवर फॅक्टर ०.७५ च्या घरात उतरायचा, म्हणजे कोन ४१ अंशांपलीकडे. वाय फेजवरचा मोजलेला कोन त्यात ६० मिळवून १०१ अंशांवर जायचा. ९० ओलांडले की मायनस. कपॅसिटर परत चालू झाले की कोन आत यायचा आणि मायनस गायब व्हायचा. बिचारी सीटी सुरुवातीपासून चांगली होती.

आणि एवढं होऊनही एकूण पॉवर फॅक्टर खरा कसा दिसत होता? कारण आर आणि वाय या दोघांचे चुकीचे किलोवॅट मिळून बरोबर एका फेजइतके भरतात, आणि त्यांचे केव्हीएआरसुद्धा (प्रत्यक्ष काम न करणाऱ्या विजेचं माप) मिळून एका फेजइतकेच. त्यामुळे किलोवॅट आणि केव्हीएआर दोन्ही दोन तृतीयांशावर आले आणि त्यांचं गुणोत्तर तसंच राहिलं. जे मीटर एकूण पॉवर फॅक्टर या दोन बेरजांवरून काढतं त्याच्या मुख्य पानावर ही चूक दिसतच नाही. प्रत्येक फेजचे केव्हीए नुसते बेरजेत घेणारं मीटर असतं तर तिथं ०.६५ दिसलं असतं आणि कुणीतरी फेब्रुवारीतच थबकलं असतं.

आता हे झालं कसं? फेरूल तर सगळे बरोबर होते. मी वायरमनना शांतपणे विचारलं, की पॅनेल हलवल्यावर पहिल्यांदा चालू केलं त्या दिवशी काय काय झालं ते क्रमानं सांगा. ते म्हणाले, "साहेब, चालू केल्यावर माग उलटे फिरले. म्हणून आऊटगोइंगचे दोन लग बदलले. मग मोटरी सरळ झाल्या, पण मीटरवर आर आणि वायला मायनस आला. सीटी उलट्या बसल्यात म्हणून दोघींचे एस-१, एस-२ बदलले. मायनस गेला, काम झालं."

यातच सगळं आलं. लग म्हणजे केबलच्या टोकाची जोडणी, आणि एस-१, एस-२ म्हणजे सीटीच्या दुय्यम तारेची दोन टोकं. या पॅनेलमध्ये कड्याच्या सीटी थेट आऊटगोइंग केबलवर ओवलेल्या आहेत आणि मीटरचं व्होल्टेज बसबारवरून, म्हणजे पॅनेलमधल्या वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवरून, घेतलेलं आहे. लाल आणि पिवळ्या केबलचे लग बसबारवर बदलले तेव्हा सीटी केबलबरोबरच राहिल्या. लाल केबलवरची सीटी आता वाय बसबारचा करंट मोजू लागली, पिवळीवरची आर बसबारचा. मीटरच्या वायरिंगला कुणी हातही लावला नव्हता, म्हणून आराखड्याशी ताडून काही सापडणार नव्हतं. अशी अदलाबदल झाली की चांगल्या पॉवर फॅक्टरवर ते दोन्ही फेज मायनस दाखवतात आणि समतोल भारावर एकूण आकडा शून्याजवळ येतो. खूण दिसली ती मायनसची, आणि मायनस म्हणजे उलटी सीटी हे आपल्या धंद्यात इतकं पाठ झालेलं असतं की त्यांनी दोन्ही उलटवल्या. मी त्यांना दोष देणार नाही. त्यांच्या जागी असलेल्या बहुतेकांनी तेच केलं असतं. पण मायनसची कारणं दोन असतात: करंटची दिशा चुकलेली असते किंवा करंटची व्होल्टेजशी जोडी चुकलेली असते. जोडी तपासल्याशिवाय दिशा बदलली की मायनस जातो, चूक मात्र झाकली जाते. शून्य दाखवणारं मीटर दुसऱ्या दिवशी पकडलं गेलं असतं. दोन तृतीयांश दाखवणारं चार महिने चाललं.

कागदावरचे कोन मला पटले होते, पण मालक आणि अण्णा दोघांच्या डोळ्यांसमोर ते दिसायला हवे होते. हिशेब त्या दोघांत व्हायचा होता, आणि माझ्या कोसाईनवर त्यांनी विश्वास का ठेवावा? सुट्टीच्या दिवशी माग आणि कपॅसिटर बंद ठेवून शेडच्या वितरण पेटीत दोन किलोवॅटची एक शेगडी घेतली. शेगडी म्हणजे शुद्ध रोधाचा भार, तिचा पॉवर फॅक्टर एकच असतो: १. ती लाल केबल आणि न्यूट्रल यांच्यात लावली. मीटरवर आर फेजला सव्वाआठ अँपिअर आले, जागा बरोबर वाटली, पण पॉवर फॅक्टर ०.५ लीडिंग आणि किलोवॅट फक्त १. पिवळ्यावर लावली, वाय फेजला ०.५ लॅगिंग, पुन्हा १ किलोवॅट. निळ्यावर लावली, पॉवर फॅक्टर १ आणि पूर्ण २ किलोवॅट. अण्णांनी स्वतःच बोटं मोजली. "सहातले चारच मोजतंय की ओ हे!" मालक काही बोलले नाहीत, पण शेगडी उचलायला तेच आधी वाकले.

इथं एक सांगायला हवं. नुसता करंट कुठल्या फेजला येतो एवढंच पाहून ही परीक्षा थांबवली असती तर सगळं ठीक आहे असाच निष्कर्ष निघाला असता, कारण लाल केबलचा करंट लाल सीटीतूनच येत होता. शेगडीचा उपयोग पॉवर फॅक्टरसाठी आहे. आणि २००/५ च्या सीटीला सव्वाआठ अँपिअर फार थोडे, त्यामुळे अचूकता मोजायला ही पद्धत वापरू नये. जोडी आणि दिशा ओळखायला मात्र ती पुरेशी आहे.

दुरुस्तीला दोन वाटा होत्या. टेस्ट ब्लॉकवर सीटीच्या वायर अदलाबदल करून एस-१, एस-२ सरळ केले असते तरी मीटर बरोबर झालं असतं. पण मग लाल केबल वाय बसबारवरच राहिली असती आणि पुढच्या माणसाला तोच सापळा तयार मिळाला असता. म्हणून पूर्ण बंद घेऊन, कुलूप लावून, व्होल्टेज नाही याची खात्री करून दोन्ही लग मूळ बसबारवर आणले. सीटींचे एस-१, एस-२ मूळ जागी नेले. मोटरींची दिशा राखायला केबलच्या दुसऱ्या टोकाला, शेडच्या पेटीत, दोन लग बदलले. एका मोटरीचा पट्टा काढून आधी तिची दिशा पाहिली, मगच माग जोडले. पॅनेल चालू असताना सीटीच्या दुय्यम तारेला हात लावायचा नाही, हे इथं पुन्हा लिहितो. भार असताना ती तार उघडी पडली तर टोकांवर जिवावर बेतेल एवढं व्होल्टेज चढतं. चालू पॅनेलवर काही करणं अटळ असेल तर आधी टेस्ट ब्लॉकवरची शॉर्टिंग लिंक बसवायची.

चालू केल्यावर जवळपास तेवढ्याच भारावर आकडे आले: आर २२.४, वाय २२.२, बी २२.५, एकूण ६७.१ किलोवॅट. तिन्ही पॉवर फॅक्टर ०.९८ च्या आसपास. मोजलेला न्यूट्रल चार अँपिअर. कपॅसिटर पॅनेल मुद्दाम बंद करून पाहिला, पॉवर फॅक्टर तिन्हींचा सारखा उतरला आणि वाय कुठंही मायनस झाला नाही. ही शेवटची चाचणी मी कधीच टाळत नाही, कारण एका पॉवर फॅक्टरवर बरोबर दिसणारी जोडणी दुसऱ्यावर उघडी पडते.

मग राहिला मागचा हिशेब. सुदैव असं की या विशिष्ट चुकीत समतोल भारावर मीटरचा आकडा खऱ्यावर आणणारा गुणक पॉवर फॅक्टरवर अवलंबून नसतो, कपॅसिटर चालू असोत वा बंद, तो १.५ च राहतो. सगळ्या चुका इतक्या दयाळू नसतात. तिन्ही करंट एकेक घर सरकले आणि शिवाय तिन्ही उलटे असले, तर ०.८ लॅगिंगवर मीटर खऱ्यापेक्षा १५ टक्के जास्त धावू शकतं, आणि पॉवर फॅक्टर बदलला की तो आकडाही बदलतो. तिथं मागचं बिल एका गुणकानं दुरुस्त करता येत नाही. शिवाय हे सगळं तिन्ही फेजची चिन्हासह बेरीज करणाऱ्या मीटरला लागू आहे. मायनस फेजही पुढेच मोजणारी मीटर असतात, त्यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

मालकांनी रास्त प्रश्न विचारला, की भार समतोल नसेल तर? आर फेज इतरांपेक्षा १० टक्के जास्त धरून मांडलं, तर ०.९८ वर गुणक १.५३ च्या जवळ आला. शेडमध्ये दिवे-पंख्यांचा थोडा भार सोडला तर सगळ्या तीन फेजच्या मोटरी, त्यामुळे दोघांनी १.५ मान्य केला. मुख्य मीटरमधून बाकी दोन शेड वजा करूनही चारही बिलांत जवळपास तोच आकडा आला, हा भक्कम आधार होता. अण्णांनी सुमारे २४,००० युनिटचा फरक सहा हप्त्यांत द्यायचं ठरलं, व्याज नाही. ही चूक अण्णांच्या फायद्याची झाली होती, पण ती त्यांनी केलेली नव्हती, हे मालकांनी फोरमनसमोर आणि वायरमनसमोर मोठ्यानं सांगितलं. मला ते फार आवडलं.

हे सब-मीटर कारखान्याचं स्वतःचं होतं, म्हणून आम्ही ते उघडू शकलो. वीज कंपनीच्या मुख्य मीटरबाबत असा संशय आला तर सीलला हात लावायचा नाही. अप्रामाणिक हेतूनं मीटरमध्ये ढवळाढवळ करणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १३५ खालचा गुन्हा आहे. मीटरच्या फेजवार पानांचे फोटो काढून, तारीख-वेळ टाकून लेखी तक्रार द्यायची आणि कंपनीच्या माणसासमोर तपासणी मागायची.

जून महिन्याच्या बिलात तिन्ही सब-मीटरची बेरीज पुन्हा टक्क्याच्या आत जुळली. त्याच आठवड्यात वायरमननी पहिल्या आणि दुसऱ्या शेडलाही शेगडी लावून पाहिली. पहिल्या शेडमध्ये सगळं ठीक निघालं. दुसऱ्यात मीटरकडे जाणाऱ्या न्यूट्रलचा स्क्रू ढिला सापडला, तो त्यांनी बंद घेऊन घट्ट केला आणि तिन्ही फेजचे व्होल्ट, अँपिअर, किलोवॅट, पॉवर फॅक्टर एका कार्डावर लिहून पॅनेलच्या दाराला आतून लावले.